पाप कोणाचं?

संकटात श्रद्धा बळ देते असं म्हणताना आपल्या मनात बहुधा दिलासा असतो: कोणीतरी पाठीशी आहे, सगळं ठीक होईल, ही भावना. पंडिता रमाबाईंचं आयुष्य या समजुतीत नीट बसत नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात थोड्याथोड्या अंतराने त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पोळलेल्या बाईला आसरा मिळाला, असा याचा सोपा अर्थ लावता येतो. पण बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. म्हणजे दिलाशाची गरज सर्वांत मोठी होती त्या काळात मनाला हवी ती शांती त्यांच्यापाशी नव्हती. तरीही त्याच काळात त्यांनी पुस्तक लिहिलं, अमेरिकाभर व्याख्यानं देऊन निधी उभा केला आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. हे बळ दिलाशाचं नव्हे.

मला वाटतं, ते बळ एक हिशेब संपण्यातून आलं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब देव प्रसन्न व्हावा म्हणून दानं देत, उपास करत, तीर्थं हिंडत राहिलं. पैसा संपला, अन्न संपलं. दुःख हे कशाचं तरी फळ आहे, असं एकदा धरलं की दुःखी माणूस आरोपी ठरतो. १८८७च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात रमाबाईंनी विधवेची जी स्थिती मांडली तिच्या मुळाशी हाच आरोप आहे: नवरा मेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापाने. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला जन्मांध माणसाबद्दल नेमकं हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. ईयोबाचे मित्रही त्याने काही पाप केलंच असणार म्हणून त्याला छळतात आणि शेवटी देव त्या मित्रांनाच दोषी ठरवतो. दुःख का, याचं उत्तर दोन्ही ठिकाणी पुरतं मिळत नाही. फक्त शिक्षेचा ठपका पुसला जातो. मात्र तो पुसला गेला की स्वतःला दोष देण्यात जाणारी शक्ती मोकळी होते, आणि ती थोडीथोडकी नसते.

यावर कोणी म्हणेल, चर्चनेही असे हिशेब मांडलेच की. मांडले, आणि आजही मांडले जातात. आजारी माणसाला तुझा विश्वास कमी पडला असं ऐकवणारे उपदेशक मला ईयोबाच्या मित्रांहून वेगळे वाटत नाहीत. रमाबाईंनी तरी चर्चचं सगळं मुकाट्याने कुठे स्वीकारलं? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद प्रसिद्धच आहे. एका पुरोहितवर्गाचं जू उतरवून दुसऱ्याचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. श्रद्धा माणसाला सोसायला शिकवते, म्हणून थंड करते, हा आक्षेपही त्यांच्या बाबतीत टिकत नाही. १८९७मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात बायकांचे जे हाल झाले त्याविरुद्ध त्यांनी सरकारला जाहीरपणे धारेवर धरलं. दुष्काळ आला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन मुली केडगावच्या आपल्या आश्रमात आणल्या, त्यांना शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं.

खरा अवघड आक्षेप निराळाच: असं बळ ख्रिस्ती धर्माबाहेरही मिळतं. धोंडो केशव कर्व्यांनी ज्यांच्याशी लग्न केलं त्या गोदूबाई शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुढे विधवांसाठी कर्व्यांनी संस्था उभारली ती ख्रिस्ती न होता. आणि दुष्काळात बायको-मूल गमावलेले तुकाराम विठ्ठलाशी भांडले, ते कोणत्या शुभवर्तमानाच्या आधाराने? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तेव्हा हे बळ एकाच धर्माची मक्तेदारी आहे, असा दावा मी करत नाही. माझा दावा लहान आहे: रमाबाईंना ते या कथांतून मिळालं, कारण तिथे देव न्यायाधीशाच्या आसनावरून उतरून स्वतः वधस्तंभावर जातो आणि मला का सोडलंस असं विचारतो. ज्या देवालाच हा प्रश्न पडला, त्याच्यापुढे तो विचारायला विधवेने का कचरावं?

राहिला १८९३चा वाद. सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्यामागे सनातनी कावेबाजपणा होता एवढं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. भुकेल्याला अन्न देणारा आणि त्याला प्रार्थनेला बसवणारा एकच असेल, तर न मागताही एक देणं तयार होतं. अन्नाच्या बदल्यात श्रद्धा, हाही हिशेबच. आणि केडगावच्या कामाला हा प्रश्न विचारण्यासाठी बाहेरची कसोटी आणावी लागत नाही, हिशेब नाकारणाऱ्या जन्मांधाच्या त्या कथेतलीच पुरते.