चिकपेटेचा चौक

बंगळुरूला गेलेला मराठी माणूस लालबाग पाहतो, टिपूचा महाल पाहतो आणि म्हैसूरची बस धरतो. मी या खेपेला चिकपेट गाठली. मेट्रोच्या जिन्यावरून वर आलो तो थेट हमालांच्या वाटेत. साड्यांचे गठ्ठे, हातगाड्या, दुचाक्या. बाजूला झालो तर दुकानदाराने मला गिऱ्हाईक समजून आधी कन्नडमध्ये हाक मारली, मग तमिळमध्ये, शेवटी हिंदीत.

केंपेगौडाने 1537मध्ये मातीचा कोट घालून ही पेठ वसवली. दोड्डपेट आणि चिकपेट एकमेकींना छेदतात तिथून त्याने चार नांगर चार दिशांना सोडले, अशी आख्यायिका आहे. दोड्डपेटेला आता अव्हेन्यू रोड म्हणतात. वेशी होत्या हलसूर, येलहंका, आनेकल आणि सोंडेकोप्पच्या बाजूला. भोवती धंद्यांच्या पेठा: अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या. वस्ती मात्र याहून कितीतरी जुनी. बेगूरच्या नवव्या शतकातल्या वीरगळावर बंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे, आणि यशवंतपूर भागात तर रोमन नाणी सापडली आहेत.

मला ओढ होती ती भोसल्यांच्या बंगळुरूची. 1638मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे आदिलशाहीसाठी घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्येंनी राधामाधवविलासचंपूत केले आहे. तिथे अनेक भाषांतले कवी हजेरी लावत. खाली बाजारात चार भाषा, वर दरबारातही तेच. पुढे त्यांचे पुत्र एकोजी यांना तंजावर मिळाले आणि इतक्या लांबचे गाव सांभाळणे जड जाऊ लागले. त्यांनी ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला द्यायचे ठरवले. सौदा पुरा होण्याआधीच, 1687मध्ये, मोगलांनी गाव घेतले आणि तेवढ्याच रकमेला त्याच चिक्कदेवराजाच्या हवाली केले. व्यापारी गावाला साजेसाच व्यवहार!

शहाजीराजांचा गौरी महाल चिकपेटेतच होता, असे सांगतात. मी बरीच विचारपूस केली. लोकांनी आपुलकीने साड्यांची दुकाने दाखवली. महालाची खूण मला कुठेच दिसली नाही. भोसल्यांच्या खुणेसाठी मल्लेश्वरमला जावे लागते. तिथल्या काडू मल्लेश्वराला एकोजींनी गाव इनाम दिल्याचा 1669चा शिलालेख आहे. तुम्ही बंगळुरूला गेलात तर म्हैसूरची बस एक दिवस उशिरा धरा, आणि सकाळी चिकपेट, दुपारनंतर मल्लेश्वरम असा बेत ठेवा.