डाकोटाबाई

या, बसा. डावी खुर्ची तुमची. समोर पडद्यावर आहे ते डीसी-३ विमानाचं कॉकपिट. आपल्याकडे हिला सगळे डाकोटा म्हणत आले. मी डाकोटाबाई म्हणतो. थोड्या वेळाने तुम्हीही म्हणाल. १७ डिसेंबर १९३५ ला बाई पहिल्यांदा हवेत गेल्या. आता नाशकातल्या एका संगणकात मुक्काम आहे, पण स्वभावाला औषध नाही.

बाई आपणहून फारसं काही सांगत नाहीत. आजची विमानं बोलतात, ओरडतात, लाल-पिवळी अक्षरं दाखवतात. इथे ओळीने गोल तबकड्या. प्रत्येकीला एकच गोष्ट ठाऊक, आणि तिच्याकडे वळून बघाल तरच ती कळणार.

मॅनिफोल्ड प्रेशरचा काटा बघा. इंजिन बंद, तरी तो अठ्ठाविसाच्या जवळ. बिघाड नाही. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब तो पाऱ्याच्या इंचांत मोजतो, आणि इंजिन थांबलेलं असताना आत बाहेरचीच हवा असते. आपण नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. हेच विमान जुहूला नेऊन उभं करा, काटा तिसाला टेकेल. आपण किती उंचीच्या गावी आहोत, हे बाईंना झोपेतही कळतं. हा आकडा लक्षात ठेवायचा. उड्डाणाआधी इंजिनाची ताकद तपासताना त्याचीच गरज पडते.

बाईंना जागं करणं हे बटण दाबण्याइतकं सोपं काम नाही. आधी एक खटका धरून ठेवायचा. आत एक जड चाक फिरू लागतं आणि त्याचा सूर चढत जातो. तो पुरता चढला की दुसरा खटका; मग पंखा वळतो. चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले. विमान उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. म्हणून पंख्याची काही पाती मोजून कोरडीच फिरू द्यायची, मगच ठिणगी. एक उबळ, पांढऱ्या धुराचा लोट, आणि बाराशे अश्वशक्ती कामाला लागते. हे झालं एका बाजूचं. दुसरं इंजिन अजून निजलेलंच असतं.

ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ मध्ये आला. तिथे मिग-२१ जोडण्यात उमर गेलेली माणसं नाशकात भेटतात. असेच एक काका एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. धुराकडे बघत होतो, तर म्हणाले, “अरे, धूर कसला बघतोस? तेलाचा दाब बघ आधी!” बाईंनाही नेमकं हेच हवं असतं. अर्ध्या मिनिटात तो काटा उठला नाही, तर इंजिन बंद करायचं. तिथे चर्चा नाही.

मानापमानाच्या बाबतीत बाई फार कडक. जोर वाढवायचा तर आधी पंख्याचे फेरे वाढवायचे, मग थ्रॉटल पुढे. कमी करताना नेमकं उलट. क्रम चुकलात तर फेरे कमी आणि दाब जास्त, असा भार सिलिंडरांवर पडतो. उड्डाणाच्या वेळी ४८ इंच आणि मिनिटाला २७०० फेरे. वर गेल्यावर दोन्ही बऱ्यापैकी खाली आणायचे. पूर्ण जोर बाई थोडाच वेळ सहन करतात.

मधोमध बसलेला स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट म्हणजे या घरातले जुने कारभारी. हवेच्या पोकळीवर फिरणारे गायरो आणि तेलाचा दाब, एवढ्यावर त्यांचं चालतं. काम सोपवण्याआधी खुणा जुळवून द्याव्या लागतात: दिशेच्या दोन पट्ट्या एकाखाली एक, कलाची खूण कलाशी, नाकाची नाकाशी. न जुळवता खटका ओढलात तर विमानाला हिसका बसणारच. जुळवून दिलंत तर दिशा सांभाळतील, पंख समतोल ठेवतील. उंची मात्र त्यांच्या खात्यात नाही. ती तुम्ही बघायची, बारीक गुंडी फिरवत.

दिशेच्या गायरोला विसरायची खोड आहे. हळूहळू तो भरकटतो, आणि भरकटताना चेहऱ्यावर रेषही हलत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला चुंबकी होकायंत्र आहे, पण वळताना आणि वेग बदलताना ते स्वतःच डोलतं. मग पंधरा-एक मिनिटांनी सरळ, सपाट उडत राहायचं, होकायंत्र स्थिरावू द्यायचं आणि गायरोला त्याच्या आकड्यावर आणायचं. सिम्युलेटरात हे भरकटणं बंद करायची सोय असते. ती वापरू नका. दोन अर्धवट साक्षीदारांकडून खरं काढून घेणं हीच तर इथली विद्या आहे.

या विद्येवर एकेकाळी देशाची टपाल चालली. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, पोती बदलत आणि आपापल्या गावी परत फिरत. त्या कामाला सुरुवातीला या बाईच होत्या. १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हाही तिच्या ताफ्यात सर्वाधिक भरणा डाकोटांचाच होता. मुंबई-नागपूर सुमारे सातशे किलोमीटर, बाईंच्या चालीने अडीच तासांच्या वर. वाटेत अंधारात सह्याद्री, आणि कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर. रेडिओ, घड्याळ आणि या तबकड्या, एवढ्यावर वैमानिक ते अंतर काटत. एकदा रात्री हाच मार्ग उडून बघा. त्या माणसांबद्दलचा आदर आपोआप वाढतो.

एक गोष्ट मात्र संगणकाला साधलेली नाही. खऱ्या डाकोटाच्या पुढच्या काचेतून पावसात पाणी गळायचं, वैमानिकांच्या मांड्या भिजायच्या. इगतपुरीवरचा आषाढ पडद्यावर हुबेहूब कोसळतो, पण आपण कोरडेच. तेलाचा वासही नाही.

उतरताना बाईंची खरी ओळख पटते. पुढे चाक नाही. शेपटीखाली एक लहानसं चाक, त्याला कुलूप. ते लावायचं राहिलं तर वाऱ्याच्या झुळुकीसरशी बाई तोंड फिरवतात. जमिनीला टेकल्यावर पाय रडरवरून काढू नका; वेग कमी होईल तसा रडरचा जोर ओसरतो आणि मग पाय जास्त हलवावे लागतात. पार थांबेपर्यंत उड्डाण संपलं असं धरायचं नाही. धावपट्टीवरून बाहेर वळायच्या आधी शेपटीचं कुलूप काढा. नाहीतर एक थ्रॉटल कितीही पुढे सारा, ब्रेक कितीही दाबा, बाई नीट वळायच्या नाहीत. चला, धरा तो पहिला खटका.