बाबा, मगर आणि सावित्रीची खाडी

‘वीकएण्डचा प्लॅन काय?’ या प्रश्नाला आमच्या ऑफिसात ठरलेली तीनच उत्तरं असतात. मॉल, लोणावळा आणि झोप. त्यामुळे जानेवारीतल्या त्या शुक्रवारी मी ‘खारफुटीतून होडीने फिरणार, मगरी बघणार’ असं जाहीर केलं तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधून लगेच डोकं वर आलं. ‘सुंदरबन?’ ‘नाही रे, महाड.’ ‘महाडला तर रायगड आहे ना?’

आहे ना. रायगड आहे, चवदार तळं आहे, आमच्या बिरवाडीहून जवळच शिवथरघळ आहे. आणि सावित्री नदी आहे, जी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. ही खाडी थेट बाणकोटला समुद्राला मिळते. दोन्ही काठांना खारफुटी, चिखलात मगरी. आणि मी? मी बिरवाडीत वाढले, दहावीपर्यंत तिथल्या शाळेत गेले, पण खाडी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिली. आमच्या गावाजवळून वाहणारी काळ नदी या सावित्रीलाच मिळते, हे भूगोलात होतं. पण भूगोलात बरंच काही असतं!

यावेळी बाबांना सोबत घेतलं. खरं तर ओढून नेलं. बाबांनी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केल्या. रिटायर झाल्यापासून त्यांचा दिवस म्हणजे पेपर, टीव्ही आणि दुपारी पुन्हा तोच पेपर. ‘मगर काय बघायची? टीव्हीवर दाखवतात की,’ हा त्यांचा पहिला मुद्दा. ‘होडी उलटली तर?’ हा दुसरा. दुसरा जरा गंभीर होता, मान्य.

आधीच सांगते, इथे तिकीटखिडकी नाही. ऐरोलीच्या केंद्रात फ्लेमिंगो बघायला कशी बोट असते, वेळापत्रक असतं, लाइफ जॅकेट देतात, तसं काही डोक्यात ठेवून येऊ नका. आमच्या काकांच्या ओळखीने दासगावच्या एका मच्छीमार मामांची होडी ठरली. लाइफ जॅकेट मी पुण्याहून मैत्रिणीकडून उसनी आणली. मामांनी त्यांच्याकडे बघून मिशीत हसून घेतलं, पण बाबांनी आपलं जॅकेट घरूनच घालून आणलं होतं. महाडच्या नाक्यावर चहा पितानासुद्धा अंगात तेच.

वेळ मात्र मामांची. ‘दशमीला या, सकाळी नऊला.’ मी मोबाइलवर टाइड चार्ट काढून बसले होते, त्यांनी तिथीवरून सांगितलं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. दशमी म्हणजे साडेसात. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ जातो. मग ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो आणि थंडीचे दिवस असले की मगरी उन्हाला वर येतात. माझा टाइड चार्ट मी गुपचूप बंद केला.

महाडहून दासगाव सात-आठ किलोमीटर. वाटेत हायवेवरूनच डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. दासगाव आज साधं गाव वाटतं, पण कधी काळी हे बंदर होतं. बाबांची खरी गाडी सुरू झाली ती इथे. २४ डिसेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकर दोनशेहून जास्त प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले ते याच खाडीतून वर दासगावला आले. धरमतरच्या मोटारमालकांनी सत्याग्रहींना गाडीत घ्यायला नकार द्यायची धमकी दिली होती, म्हणून हा समुद्राचा वळसा. हरिहरेश्वरला रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव, आणि तिथून महाडपर्यंत पाच मैल पायी. त्याच रात्री महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. दर वीस मार्चला चवदार तळ्यावर लोटणारी गर्दी मी लहानपणापासून पाहत आलेय. पण लोक इथे पाण्यावरून आले होते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. धक्क्यावर उभं राहून बाबा हे सांगत होते आणि मामा मान हलवत होते. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

होडी निघाली. पहिली दहा मिनिटं इंजिनाचा आवाज आणि बाबांची घट्ट धरलेली फळी. मग मामांनी इंजिन बंद केलं, होडी ओहोटीवर सोडली आणि एकदम शांतता! इतकी की ऑफिसातल्या एसीची घरघर माझ्या कानांत किती वर्षं बसली होती ते तेव्हा कळलं.

दोन्ही काठांना तिवरं. चिखलातून वर आलेली हजारो टोकं, जणू कुणी पेन्सिली उलट्या खोचून ठेवल्यात. ती मुळं आहेत, श्वास घेणारी. त्या चिखलात हवाच नसते, म्हणून झाड मुळांना वर पाठवतं. मामांनी तिवराचं एक पान तोडून हातावर ठेवलं. ‘चाटून बघा.’ चाटलं. खारट! झाड पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. पुढे चिपीची झाडं लागली. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान दिलाय, हे मी पाठ करून गेले होते आणि ते ऐकवलंही. मामा म्हणाले, ‘असेल. आमी चिपीच बोलतो.’ चिपीची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. कांदळाची तऱ्हा तर आणखीच. त्याचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि तयार रोप म्हणूनच खाली पडतं.

खंड्या दिसला, बगळे तर किती. लांब पुलावरून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. आणि मग मामांनी नुसतं बोट केलं.

आधी मला ओंडकाच वाटला. मग ओंडक्याने तोंड उघडलं. आठ-नऊ फूट असेल, जबडा आ वासून तशीच पडून. मगरी अंगातली उष्णता आवरायला असं तोंड उघडं ठेवतात. ही गोड्या पाण्यातली मगर, पण मचूळ पाणी तिला चालतं. बाबा कुजबुजले, ‘अगं, खरी आहे ही!’ आणि फोटो काढायच्या नादात चक्क उभे राहिले. मामा ओरडले, ‘ओ काका, बसा!’ त्या आवाजाने मगर सरसर पाण्यात शिरली. ज्या पाण्यात आम्ही होतो त्याच.

इथवर सगळं पिकनिक होतं.

परतताना इंजिन जरा जास्तच कुरकुरत होतं. मामा मासळीचं सांगत होते. पूर्वी जिताडा कसा मिळायचा, आता जाळ्यात काय येतं. सांगता सांगता त्यांनी सहज विचारलं, ‘काका, तुमी कुठं कामाला?’ बाबांनी कंपनीचं नाव सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. एमआयडीसीचं सांडपाणी प्रक्रिया करून पाइपने या खाडीतच सोडलं जातं. प्रक्रिया किती आणि कशी, यावर महाडमध्ये कितीतरी वर्षं भांडण चालू आहे. मामांचं म्हणणं अर्थातच ठाम होतं. ते त्यांनी बोलूनही दाखवलं नाही. इंजिनाचा कान पिळत बसले.

मला वाटलं बाबा विषय बदलतील. माझी इंजिनीअरिंगची फी, बहिणीचं लग्न, आमचं दुमजली घर, सगळं त्याच पगारातून उभं राहिलंय. घरात कंपनीविरुद्ध कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, ‘शिफ्ट संपली की आम्ही सह्या करून घरी जायचो. पाइप कुठवर जातो ते कधी बघायला आलो नाही.’

‘आता आलात नं,’ मामा म्हणाले.

बस. एवढंच.

मग दोघं पुराच्या आठवणींवर आले आणि तिथे मात्र दोघांचं एकदम जमलं. २००५ चा जुलै, दासगावात कोसळलेली दरड. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हायवेवरचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन बसेस गेल्या, त्यातली माणसं या खाडीत दिवसेंदिवस शोधली. आणि २२ जुलै २०२१. त्या दिवशी मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून क्लायंट कॉलवर ‘येस, शुअर’ करत होते आणि दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, आई-बाबा वरच्या मजल्यावर. बाबांनी त्या रात्रीबद्दल मला आजवर धड काही सांगितलं नव्हतं. मामांना त्यांनी सगळं सांगितलं, अगदी वाहून गेलेल्या गॅस सिलिंडरपर्यंत. मी नाकाच्या शेंड्याला लागलेला चिखल पुसत ऐकत बसले.

तुम्हाला जायचं असेल तर मुंबईहून महाड साधारण पावणेदोनशे किलोमीटर, रेल्वेने वीर स्टेशन जवळ पडतं. पुण्याहून वरंधा घाटाने या, पावसाळ्यात मात्र तो रस्ता बऱ्याचदा बंद असतो. होडीसाठी गावात विचारा, भाडं आधी ठरवा आणि पाण्यात हात घालू नका. जॅकेट स्वतःचं न्या, कुणी हसलं तरी.

उतरताना मामांनी जाळीतल्या पाच चिंबोऱ्या काढल्या. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणाऱ्या बाबांनी सांगितले तेवढे पैसे मोजले. घरी पोचल्यावर आईने पिशवीत डोकावून पहिला प्रश्न केला, ‘कुठल्या पाण्यातल्या आहेत?’

बाबा चिमटा शोधायला स्वयंपाकघरात गेले.