वहीतले बारीक अक्षर

आमचे अण्णा सांगलीच्या बाजारपेठेत ४० वर्षे हळदीची अडत करीत. रोजमेळ आणि खतावणी ते स्वतः लिहीत. अक्षर टपोरे, दुरूनही वाचता यावे असे. वयाच्या ६८व्या वर्षी ते बदलू लागले. पानाच्या वरच्या ओळी नेहमीसारख्या असत, पण खाली येता येता आकडे मोहरीएवढे होत. पुढे सही जुळत नाही म्हणून बँकेतून त्यांचा धनादेश परत आला. काकांचे मत एकच, वय झाले की हात आखडायचाच.

मेंदूविकारतज्ज्ञांनी अण्णांना चार ओळी लिहायला लावल्या, चालायला लावले. चालताना उजवा हात झुलत नव्हता. मग त्यांनी वास, झोप आणि पोट यांविषयी विचारले, तेव्हा आई चमकली. हळकुंड मोडून नाकाशी धरताच माल ओळखणारे अण्णा दोन-तीन वर्षे केवळ रंग पाहून भाव करीत होते. झोपेत ओरडत, हातपाय झाडत, म्हणून तिने मध्ये उशी ठेवली होती. बद्धकोष्ठ तर त्याहूनही जुने. ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी येऊ शकतात, असे डॉक्टर म्हणाले. निदान झाले पार्किन्सनचे.

मेंदूच्या खोल भागातील डोपामीन बनवणाऱ्या पेशी या विकारात झिजत जातात आणि हालचालींत दोष दिसू लागेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्यांतले काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले होते! गिऱ्हाइकाच्या भुवईवरून सौदा ताडणाऱ्या आपल्या माणसांना असे निरीक्षण अवघड नाही. चेहरा निर्विकार होणे, आवाज खोल जाणे, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागणे, हे घरच्यांनाच आधी दिसते. (नातवंडांना वाटते, आजोबा रागावले.)

हात थरथरला म्हणजेच पार्किन्सन, हा समज मात्र सोडावा. अनेकांना कंप नसतोच. असला तर तो बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो; कपबशी उचलतानाचा कंप बऱ्याचदा निराळ्या कारणाचा असतो. यातले एखादेच लक्षण दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही, कारण बद्धकोष्ठ कोणत्या वृद्धाला नसते? शिवाय चक्कर व मळमळ यांवरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही अशीच लक्षणे येतात. ती औषधे बंद केल्यावर हा त्रास बहुधा ओसरतो. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवावीत, पण स्वतःच्या मनाने कोणतीही बंद करू नये.

अण्णांना लेव्होडोपा सुरू झाले. त्याने रोग बरा होत नाही. हालचाल मोकळी होते. दुरेघी वहीत अक्षर मोठे राहते, हे त्यांचे त्यांनीच शोधले. पेढीवर ते सकाळी दोन तास बसतात. डाळ-दुधातील प्रथिने या औषधाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली आहे. आमच्याकडे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी. तेव्हा आई पंचांग पाहते आणि हिवाळ्यात गोळीची वेळ अर्धा तास अलीकडे घेते.