माझ्या मौतीचा कागद

मी सव्वीस वर्षांचा आहे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांनी शिकवलं. तब्येत धडधाकट. डोक्यावर कर्ज थोडं, वहीत कविता बऱ्याच. आणि गेल्या पावसाळ्यात मी माझ्या मौतीचा कागद लिहून ठेवला. मेल्यावर माझं काय करायचं, काय करायचं नाही, खांदा कुणी द्यायचा, बोलायचं कुणी. सगळं लिहिलं.

दोस्त हसले. एक म्हणाला, "अजून लग्नाची पत्रिका छापली न्हाय आन् मौतीची काढली." दुसरा म्हणाला, हे म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांचे धंदे. मित्रहो, म्हणूनच हे लिहितोय. हे म्हाताऱ्यांचं काम नाही. आपलं आहे, आणि आत्ताचं आहे.

आधी आपला आणि मौतीचा जुना हिशेब सांगतो.

माझा पणजा येसकर. गावात कुणी मोठा मेला की येसकरानं काठी उचलायची आणि सांगावा घेऊन निघायचं. रात्र असो, पाऊस असो, पाच कोस असो, सात कोस असो. सोयऱ्याच्या गावी पोचायचं, दाराबाहेर उभं राहून वर्दी द्यायची, मिळाली तर भाकर घ्यायची आणि आल्या पावली परत फिरायचं. आजा लहानपणी त्याच्या मागं पळायचा. मेल्याची बातमी आम्ही न्यायची, सरणाची लाकडं आम्ही फोडायची, आणि हक्क कसला, तर मढ्यावरचं कापड. आजा सांगायचा, "आपल्या घरात नवं कापड यायचं ते मेल्याच्या अंगावरून." आमच्या आज्जीच्या गोधडीत कुणाकुणाच्या मौती शिवलेल्या होत्या कोण जाणे!

या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं ते 1928 साली. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानं. मधे तीस वर्षं. आणि कायदा झाला तरी गावानं लगेच सोडलं असं नाही. आजा म्हणायचा, काठी टाकली तरी हाका यायच्याच.

ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या मौतीची व्यवस्था पाहिली, त्यांच्या पोरानं एकदा स्वतःच्या मौतीची व्यवस्था पाहिली, तर त्यात अभद्र ते काय?

पण कागद लिहायला बसलो तो या हिशेबानं नव्हे. बसलो एका दोस्तामुळं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना त्याच गावात जगायचंय. माझ्याच पाळीला होता, कार्डिंगला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आमचं चुकलं की दुरुस्त करायचा. रात्रपाळी सुटून मोटारसायकलवर घरी निघाला आणि ट्रकनं उडवला. पोस्टमार्टेम होऊन दुपारी मढं घरी आलं. आम्ही पोरं पांढरं कापड आणि मेणबत्त्या घेऊन पोचलो, तवर त्याच्या तोंडात तुळस गेली होती. कपाळाला बुक्का. दहाव्याला नदीवर पिंड. कावळा शिवेना. चुलता हात जोडून कावळ्याला सांगत होता, "तुझ्या लेकीला सांभाळतो, शिव रे बाबा."

सहावी प्रतिज्ञा काय सांगते? श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. ती प्रतिज्ञा ज्यानं शंभर वेळा म्हटली, त्याचं पिंड पत्रावळीवर, आणि त्याची लेक कावळ्याच्या भरवशावर.

चुलता वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आहे. भावकी काय म्हणेल, गाव काय म्हणेल, आत्मा भटकला तर काय, असल्या भीतीवर जगणारा. आम्ही बाजूला घेऊन बोललो तर त्यानं एकच विचारलं. "त्यानं तुम्हाला तसं लिहून दिलंय का?"

दिलं नव्हतं. आमच्यातल्या कुणीच कुणाला दिलं नव्हतं.

हा प्रश्न डोक्यातून जाईना. साच्यावर सूत तुटतं, आपण जोडतो, तवर दुसरीकडं तुटतं. तसं चाललं होतं. मग जोतीराव फुल्यांचं चरित्र पुन्हा काढलं. कारण आधुनिक महाराष्ट्रात स्वतःच्या मौतीचा कागद विचार करून लिहिणारा पहिल्या काही माणसांतला तो एक माणूस.

जोतीरावांचं आपल्या नगरशी नातं जुनं. 1848 साली ते नगरला आले. मिस फॅरार यांची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि पुण्यात जाऊन त्याच साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी मास्तरकीचं शिक्षण घेतलं तेही नगरला, फॅरारबाईंकडं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण ही गोष्ट नावाबरोबर बदलत नाही.

तर 1887 साली जोतीरावांनी मृत्युपत्र केलं. त्यात घरादाराबरोबर देहाचीही व्यवस्था. जाळायचं नाही, मीठ घालून पुरायचं. नुसतं लिहून थांबले नाहीत. घरामागं जागा ठरवली, खड्डा खणून ठेवला. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले. आणि नगरपालिकेनं परवानगी नाकारली. राहत्या वस्तीत पुरता येणार नाही. शेवटी जाळावंच लागलं. त्यात भाऊबंद आडवे आले. यशवंत दत्तक, त्याला टिटवं धरू देणार नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. टिटवं हातात घेतलं, प्रेतापुढं चालल्या, अग्नी दिला. एका बाईनं. 1890 साली. पुण्यात. अस्थी मात्र आणल्या त्या जोतीरावांनी ठरवलेल्या जागी.

मी यातून काय शिकलो? खड्डा कामाला आला नाही. मीठ कामाला आलं नाही. सरकारी परवानगीपुढं कागद लुळा पडला. कामाला आलं ते माणूस. नवऱ्याच्या मनात काय आहे हे जिला पन्नास वर्षांच्या संसारात ठाऊक होतं आणि भर रस्त्यात ते करून दाखवायची जिच्यात छाती होती, असं माणूस.

बाबासाहेबांचंही बघा. कोपरगाव ओलांडलं की येवलं. तिथं 13 ऑक्टोबर 1935 ला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आपण याला धर्मांतराची घोषणा म्हणतो. आहेच. पण शब्द नीट ऐका. तो आपल्या मरणाबद्दल बोलणारा माणूस आहे. वय चव्वेचाळीस. मी कसा मरणार हे मी ठरवणार, आणि ते हजारो लोकांदेखत आत्ता सांगून ठेवणार. त्यानंतर एकवीस वर्षं तयारी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी, 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण. त्रेपन्न दिवस! दीक्षा लांबली असती तर? सरणावर कुणी काय म्हटलं असतं?

7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीनं अंत्यसंस्कार झाला. तिथंच, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर माणसांना धम्मदीक्षा दिली. माणसं रडत होती आणि धर्म बदलत होती. मौतीला गेलेला माणूस नवा होऊन परत आला, असं जगात फार ठिकाणी घडलं नसेल.

आता जागेचं बोलतो. कारण आपल्या मौतीत खरी लढाई जागेची आहे.

आमच्या गावात मसनवटे दोन. गावाच्या मसनवट्याला पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, हातपंप. आमचा ओढ्याकाठी, वाट एका बागायतदाराच्या उसातून. आजाची तिरडी भर पावसात नेली. खांदेकऱ्यांचे पाय गुडघ्याएवढे चिखलात, वर ओलं लाकूड पेटेना, रॉकेल ओतून ओतून पेटवलं. शेडखाली त्या दिवशी दोन कुत्री कोरड्यात झोपली होती.

हे फक्त आमचंच नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ दलितांना मढं पुलावरून दोरानं खाली सोडावं लागलं, कारण मसणाची वाट ज्याच्या जमिनीतून जात होती त्यानं ती अडवली. देश केवढा, आणि मढ्याला वाट नाही.

कायदा मात्र आहे, तो पाठ करा. स्मशानभूमी वापरायला अस्पृश्यतेवरून आडकाठी करणं 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं दफनभूमी, स्मशानभूमी हे शब्द स्पष्ट घातलेत. म्हणजे शेड आपलंही आहे. फक्त आपण तिथं कधी गेलो नाही.

मग मी कागदात लिहिलं, "मला गावाच्या शेडमध्येच जाळा." लिहून बरं वाटलं. कविता झाल्यासारखं वाटलं. कागद आईला वाचून दाखवला. ती आधी रडली, मग म्हणाली, "तू जाशील जळून. दुसऱ्या दिशी दळणाला मला जायचंय, पान्याला तुझ्या बहिनीला."

आईचं हे बोलणं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मढ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढाई करणं सोपं असतं. मढ्याला दुसऱ्या दिवशी दळण नसतं. म्हणून शेडची लढाई जिवंतपणीच करायची ठरली. ग्रामसभेत अर्ज दिलाय, वस्तीतल्या एकोणीस सह्यांचा. गावात एकच स्मशानभूमी, ती सगळ्यांची, असा ठराव मागितलाय. पोचपावती घेतलीय. उत्तर नाही. पुढच्या ग्रामसभेला पुन्हा देणार. मौतीचा विचार केला म्हणून हा अर्ज सुचला, एरवी सुचला नसता.

पैशाचंही बोलू. आपल्यात तेरावं गेलं म्हणतात आणि जलदानविधीच्या नावानं तीच पंगत बसते. बुंदी, भाजी, मंडप, सोयऱ्यांना टॉवेल-टोपी. घरचा कर्ता मेलेला आणि बाई व्याजानं पैसे काढतेय. ज्यांचा ई.एस.आय.चा विमा आहे त्यांनी ध्यानात ठेवा, कामगार मेला तर अंत्यविधीच्या खर्चापोटी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात, अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. सरणाला तीनचारशे किलो लाकूड लागतं. तेवढ्याचं भागतं. पंगतीचं भागत नाही, आणि भागूही नये. पीएफला वारसाचं नाव लावलंय का तेही बघा. मौतीचा निम्मा कागद तिथंच असतो.

देहदानाचा विचार केला. महाराष्ट्रात त्याचा कायदा 1949 पासून आहे. पण पोस्टमार्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि आपण गिरणीतली, रस्त्यावरची माणसं. डोळे मात्र देता येतात, सहा तासांच्या आत. तेवढं लिहिलंय.

एक शेवटची गोष्ट. मृत्युपत्र दोन साक्षीदारांपुढं करता येतं, जरूर करा. पण ते पेटीतून बाहेर निघतं तवर राख थंड झालेली असते. मौतीच्या वेळी दारात जो मोठ्यानं बोलेल त्याचं चालतं. म्हणून मोठ्यानं बोलणारी चार माणसं आधीच तयार करा. कागद त्यांच्या हातात द्या, भावकीसमोर वाचा. मी पौर्णिमेला विहारात वाचला. चुलते उठून गेले. एक मामा बसून राहिला, त्याची सही घेतली.

कागद असा आहे:

1. मी बौद्ध आहे. तोंडात तुळस, पाणी, सोनं काही घालू नये. कपाळ मोकळं ठेवावं.

2. आधी डोळ्यांसाठी फोन करावा. मग रडावं.

3. अंगावर पांढरं कापड. ते नंतर कुणाला देऊ नये, माझ्याबरोबर जाळावं. मढ्यावरचं कापड आमच्या घरात पुन्हा यायचं नाही.

4. खांदा बहिणीनं द्यावा. अग्नी आईनं द्यावा, तिला जमलं तर. नाही जमलं तर बहिणीनं. कुणी आडवं आलं तर जोतीरावांच्या वेळची गोष्ट सांगावी.

5. त्रिशरण, पंचशील. मग बावीस प्रतिज्ञा, मोठ्यानं, सगळ्यांनी.

6. जाळायचं कुठं ते ग्रामसभेचा ठराव सांगेल. ठराव झाला नसेल तर वस्तीच्या मसनवट्यात न्यावं. माझ्या मढ्यावरून आईला एकटीला भांडायला लावू नये. अर्जाच्या पोचपावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. त्या घेऊन पुढच्या ग्रामसभेला जावं.

7. पिंड नाही, कावळा नाही, पंगत नाही. आलेल्याला चहा द्यावा.

8. कवितांच्या वह्या विहाराच्या कपाटात ठेवाव्यात. कुलूप लावू नये.