टेकडीला वाली हवा

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहणारी आम्ही शेजारची चार कुटुंबं. रविवारी सकाळी गोण्या, हातमोजे आणि चिमटे घेऊन खाणीकडे जाणारी वाट साफ करतो. बाटल्या आणि ताटल्या लांबूनच दिसतात, त्या भराभर उचलून होतात. वेळ लागतो तो वेफर्सच्या पाकिटांचे फाडलेले कोपरे आणि गुटख्याच्या पुड्या वेचायला. बोटाच्या पेराएवढा चंदेरी तुकडाही मुलांच्या नजरेतून सुटत नाही. गवतात रुतलेल्या काचा मात्र मोठ्यांनीच काढायच्या, असा नियम आहे.

खाली आलो की वर्गवारी. ती आम्हाला आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी शिकवली. बाटल्या, काच, पत्रा भंगारात जातो. वेफर्सच्या पाकिटांना कुणी विचारत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. हे कळल्यापासून मुलं टेकडीवर घरूनच डब्यात खाऊ नेतात.

पावसाळ्याआधी आमची घाई असते. टेकडीच्या एका उतारावरचं पाणी राम नदीतून मुळेला जातं, दुसऱ्या उतारावरचं ओढ्यांनी मुठेला. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणातून पंढरपूरला जाते. माझ्या सासूबाई वारकरी. हे ऐकून त्या म्हणाल्या, “चंद्रभागेत स्नान करायचं आणि इथून घाण सोडायची, हे कसं चालेल?” तेव्हापासून गुडघे दुखत असले तरी त्या वर्गवारीला येऊन बसतात.

एका दिवसाच्या मोठ्या मोहिमाही आम्ही पाहिल्या. शेकडो लोक येतात, टेकडी लख्ख होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच बाटल्या पडतात. उपयोग होतो तो नियमित हजेरीचा. तीच माणसं त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा दिसली की बसायला आलेली पोरंही हळूहळू ओळखीची होतात. आता त्यांतली काही जण जाताना आपल्या बाटल्या स्वतःच पिशवीत भरतात. आम्ही त्यांना कधी रागावलो नव्हतो.

जागेला कुणी वाली आहे हे दिसलं, की कचरा टाकणारा हात थबकतो. महापालिका सफाई करील, दंडही करील. पण जागेची अशी नियमित राखण शेजारच्या घरांनीच करायला हवी.