तिसऱ्या घंटेनंतरचा कॅमेरा

नाटकाचे फोटो काढणाऱ्याला सगळे एकच गोष्ट बजावतात: आवाज नको. दिग्दर्शक बजावतो, निर्माता बजावतो, आणि कुणी काही बोललं नाही तरी पुढच्या रांगेतलं कुणीतरी मान वळवून बघतं तेव्हा समजायचं ते समजतं. संगीत नाटकात तान रंगलेली असताना एखादी ‘खट’ खपून जाते. पण नटाने पॉज घेतलाय, नाट्यगृह श्वास रोखून बसलंय, अशा वेळी तीच ‘खट’ प्रसंगावर ओरखडा काढते. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात ती निदान चार रांगांत विरते. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत, जिथे प्रेक्षक नटाच्या इतके जवळ बसतात, तिथे ती सगळ्यांना ऐकू जाते.

डीएसएलआरच्या काळात यावर इलाज नव्हता. बटण दाबलं की आरसा वर जायचा, शटर उघडून मिटायचं, आरसा परत खाली यायचा. आम्ही मग रंगमंचावरच्या आवाजाच्या आडोशाने फोटो काढायचो. टाळी पडली, ढोलकी वाजली, दार आपटलं की बटण दाबायचं. माझे त्या वर्षांतले फोटो आज काढून बसलो की भांडणं, हशा, नाच सगळं भरपूर सापडतं. गप्प बसलेली माणसं फार थोडी. त्या नाटकांत ती नव्हती असं नाही. त्यांचे फोटो काढायची मुभाच नव्हती.

म्हणूनच मिररलेस कॅमेरा आमच्यासाठी नुसती नवी फॅशन नव्हती. सोनीने २०१३मध्ये पहिला ए-सेव्हन आणला, कॅनन आणि निकॉन २०१८मध्ये फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. आरसा गेला आणि पुढे पूर्णपणे मुकं इलेक्ट्रॉनिक शटर आलं. जुनी बॉडी बदलायची वेळ आली तेव्हा माझ्यापुढे दोन नावं उरली: सोनीचा २०२१चा ए-सेव्हन-फोर आणि कॅननचा २०२२चा आर-सिक्स मार्क टू. वजन जवळपास सारखं, व्ह्यूफाइंडर जवळपास सारखा, दोन्हींत दोन कार्डांची सोय, दोन्हींचा स्क्रीन बाजूला उघडून उलटा मिटता येतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण अंधाऱ्या प्रेक्षागृहात उघडा स्क्रीन मागच्या दोन रांगांना त्रास देतो.

कॅटलॉग वाचताना सोनीचे ३३ मेगापिक्सेल कॅननच्या २४ पेक्षा खूपच जास्त वाटतात. लांबीत मोजलं तर ७००८ पिक्सेल विरुद्ध ६०००, म्हणजे सुमारे १७ टक्के. ३०० डीपीआयने छापलं तर एकाची लांबी साडेतेवीस इंचांच्या आसपास जाते, दुसऱ्याची २० इंच. नाट्यगृहाबाहेरचा फ्लेक्स लांबूनच बघायचा असतो, त्याला दोन्ही पुरतात. हा फरक कामाला येतो तो फोटो कापताना: जागा कोपऱ्यातली मिळाली आणि चेहरा लांब राहिला तर सोनीत कापायला थोडी जास्त जागा आहे. तेवढंच.

अंधारात फोकस धरण्याचा आकडा जरा जपून वाचावा लागतो. कॅनन उणे साडेसहा ईव्ही सांगतो, सोनी उणे चार. वाचणाऱ्याला वाटतं, अडीच स्टॉपचा फरक म्हणजे निकालच लागला. पण कॅननचा आकडा एफ/१.२ लेन्सवर मोजलेला आहे आणि सोनीचा एफ/२ वर. या दोन लेन्समध्येच जवळजवळ दीड स्टॉप निघून जातो. उरतो एक, आणि एफ/२.८ ची झूम लावली की दोन्हींचा आकडा खाली येतो. स्टॅबिलायझेशनमध्ये कॅननच्या आठ आणि सोनीच्या साडेपाच स्टॉपवरही मी फार वेळ घालवला नाही. माझा हात स्थिर राहील, पण नट हलणारच. त्याच्यासाठी शटर १/१२५च्या खाली सहसा नेता येत नाही. सेकंदाला ४० फ्रेम हे कॅननचं वैशिष्ट्य क्रिकेटच्या मैदानावर उपयोगी पडेल. नाटकात कानाने फोटो काढायचा असतो. वाक्य कुठे वळणार हे ऐकायचं, कारण हात बहुतेक वेळा शब्दाच्या किंचित आधी उठतो, आणि त्या एका उठण्यावर बटण दाबायचं.

खरी तुलना मुक्या शटरपाशी सुरू होते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर सगळा एकदम वाचला जात नाही, तो ओळीमागून ओळ वाचला जातो. शटरचा वेग तुम्ही १/५०० ठेवला तर प्रत्येक ओळीला प्रकाश १/५०० सेकंदच मिळतो, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला कॅमेऱ्याला स्वतःचा वेळ लागतो. ए-सेव्हन-फोरला तो सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, आर-सिक्स मार्क टूला साधारण अडुसष्टावा. नटाचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरत असेल तर पहिली आणि शेवटची ओळ वाचली जाण्यादरम्यान पहिल्या कॅमेऱ्यात तो वीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, दुसऱ्यात चार-साडेचार. लावणीतली गिरकी घ्या. नऊवारीचा घेर, मान आणि पाऊल वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात आणि सगळं शरीर एका बाजूला ओढल्यासारखं तिरकं येतं. कॅमेरा उभा धरला तर तिरकेपणाऐवजी शरीर फुगतं किंवा आवळतं. नाचणारीच्या रेषेवर तिचं आयुष्य गेलेलं असतं. ती रेषा कॅमेऱ्याने मोडलेला फोटो मी तिला देऊ शकत नाही.

दुसरी अडचण दिव्यांची. पूर्वीचे हॅलोजन मंद केले तरी तार तापलेली राहायची, प्रकाश सलग वाटायचा. एलईडी मंद करायचा तर बहुतेक दिवे सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा उघडझाप करतात. डोळ्याला कळत नाही, ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळतं, आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. दिवा पूर्ण तेजाने लावला असेल तर ही उघडझाप जवळपास नसते. पट्टे येतात ते प्रकाश उतरवल्यावर, आणि नाटकात प्रकाश उतरतो तो नेमका शांत प्रसंगात, जिथे मुकं शटर सर्वांत जास्त हवं असतं. समजा दिवा सेकंदाला ६०० वेळा मिटतोय. सोनीच्या वाचनाच्या वेळात चाळीस बारीक पट्टे मावतील, कॅननच्या वेळात जेमतेम नऊ, पण जास्त रुंद. म्हणजे कॅननही यातून सुटत नाही. उपाय दोन्हींकडे सारखाच आहे: शटर १/२०० ठेवलं की प्रत्येक ओळीला उघडझापीच्या बरोबर तीन पूर्ण फेऱ्या मिळतात आणि पट्टे विरून जातात. दोन्ही कॅमेऱ्यांत शटरचा वेग दशांशाने सरकवायची सोय आहे, ती याचसाठी. त्याहून सोपा रस्ता मी आधी धरतो. तालमीच्या वेळी लाइटवाल्याकडे जाऊन विचारतो, “दादा, एलईडीची फ्रिक्वेन्सी वाढवता येईल का?” बऱ्याच चांगल्या दिव्यांत ती सेटिंग असते, आणि विचारलं की माणसं मनापासून मदत करतात.

मुक्या शटरसाठी कॅनन एक किंमत घेतो. त्या शटरवर त्याची रॉ फाइल १४ ऐवजी १२ बिटची होते. उन्हातला डोंगर आयएसओ १००वर टिपून त्याच्या सावल्या उजळायच्या असतील तर हे जाणवेल. रंगमंचावर मी आयएसओ ३२०० ते ६४००च्या दरम्यान असतो. तिथे सावलीत तपशिलाआधी नॉइज बोलतो, आणि जादा दोन बिट जवळजवळ रिकामेच जातात. दोन्हींच्या फाइल एकाच मापाच्या करून शेजारी ठेवल्या तर आयएसओ ६४००ला मला निवड करावी असा फरक दिसत नाही. १०० टक्के मोठं करून तुलना करणाऱ्यांना सोनीत दाणे जास्त दिसतात, कारण ते लहान पिक्सेल मोठे करून बघत असतात. छापल्यावर ते दाणे राहत नाहीत.

इथपर्यंत पारडं कॅननकडे झुकतं. लेन्सपाशी ते उलटं फिरतं. टॅमरॉनची ३५-१५० मिमी, एफ/२ ते २.८ ही झूम सोनीच्या माउंटसाठी २०२१मध्ये आली, आणि नाटकाच्या फोटोग्राफरला यापेक्षा सोयीची लेन्स मला ठाऊक नाही. मधल्या वाटेजवळ बसा: ३५ला अख्खं नेपथ्य, १५०ला डोळ्यांतलं पाणी, मध्ये लेन्स बदलायची गरज नाही. लेन्स बदलतानाची खुडबूडही प्रयोगात ऐकू येते. कॅननच्या आरएफ माउंटसाठी ती निघालेली नाही. त्यांची स्वतःची २८-७० एफ/२ सुंदर आहे, पण ती जवळजवळ दीड किलोची आहे, तिची किंमत छोट्या स्टुडिओला झेपणारी नाही, आणि ७०ला चेहऱ्यापर्यंत पोचता येत नाही. सोनीने माउंट बाहेरच्या लेन्सवाल्यांना मोकळं ठेवलं याचा फायदा कमी पैशांत काम सुरू करणाऱ्यांना झाला, आणि ही बाब मी कुठल्याही मेगापिक्सेलपेक्षा मोठी मानतो.

कॅननची बाजू जुन्या लेन्सवाल्यांसाठी भक्कम आहे. ईएफ माउंट १९८७चं. ईएफमध्ये लेन्सच्या पाठीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर लागतं, आरएफमध्ये २०. मधले २४ मिमी भरून काढणारा अडॅप्टर म्हणजे आत काच नसलेली नळी आहे, त्यामुळे प्रतिमेला धक्का लागत नाही आणि फोकसही व्यवस्थित चालतो. महाराष्ट्रात लग्नाचे फोटो काढणाऱ्या किती घरांत पांढरी ७०-२०० आहे! ती विकून बाहेर पडण्यात तोटाच आहे.

तुलना स्वतः करायची तर दोन्ही बॉडी एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि एखाद्या ओळखीच्या संस्थेच्या रंगीत तालमीला परवानगी मागून बसा. आधी दोन्हींचा फोकस असिस्ट लाइट आणि बीप बंद करा; मंद प्रवेशात नटाच्या तोंडावर तुमच्या कॅमेऱ्याचा उजेड पडला तर पुन्हा बोलावणं येणार नाही. शटर, अॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स चारही हाताने सारखे ठेवा. फोकस तपासायचा असेल तर बोलणाऱ्या नटावर तपासू नका, ऐकणाऱ्यावर तपासा: तो अर्धवट पाठमोरा, अंधारात उभा असतो. आणि गडद निळ्या किंवा लाल एलईडीतला एक प्रवेश जरूर घ्या, कारण तिथे एकच रंग भरून वाहतो आणि चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात. हे दोन्हींत होतं. कुठल्या फाइलमधून ते परत येतात हे घरी जाऊन बघा.

माझं बरंचसं काम तिसऱ्या घंटेनंतर, प्रेक्षकांत बसून होतं, आणि घरात ईएफची ७०-२०० आहे. म्हणून मी आर-सिक्स मार्क टू घेतला. तुमचं काम मुख्यतः रंगीत तालमीत होत असेल, जिथे यांत्रिक शटरचा आवाज चालतो, आणि पहिली लेन्स अजून घ्यायची असेल, तर ए-सेव्हन-फोर आणि टॅमरॉनची ३५-१५० घ्या.